गोल झाल्यावर मागे का सरकायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरनं भारताला २-१ नं हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशनं १-० नं हरवलं. २००३ नंतर बांगलादेशकडून झालेला हा पहिला पराभव. तेव्हापासून सोलापुरात फुटबॉल पाहणाऱ्यांमध्ये एकच वाद चाललाय. पार्क चौपाटीवर ऐका, नाहीतर जुळे सोलापुरातल्या टर्फवर रात्रीचा खेळ संपल्यावर ऐका. एक गट म्हणतो, कोच बदला. दुसरा म्हणतो, कोच काय करणार, एवढ्या मोठ्या देशात अकरा खेळाडू मिळत नाहीत. दोघांचाही राग खरा आहे. पण दोघंही निकालावरून बोलतात, सामन्यात नेमकं काय घडलं त्यावरून बोलत नाहीत. त्यामुळे वाद तिथंच फिरत राहतो आणि पुढच्या पराभवानंतर त्याच वाक्यांनी पुन्हा सुरू होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आपला संघ हरतो तो एका ठरावीक पद्धतीनं हरतो, आणि ती पद्धत कोणा एका प्रशिक्षकाची नाही. आघाडी मिळाली, किंवा बरोबरी पुरेशी आहे असं वाटलं, की आपले जवळजवळ सगळे खेळाडू आपल्या गोलाकडे सरकतात, चेंडू समोरच्याला देऊन टाकतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. ही डावपेचांची चूक आहे आणि हातात आहेत त्याच खेळाडूंना घेऊन ती बरीचशी दुरुस्त करता येते. मात्र ती राष्ट्रीय शिबिरात जन्मलेली नाही. ती शाळेच्या मैदानापासून लीगपर्यंत आपणच शिकवलेली सवय आहे. म्हणून कोच बदलून ती जात नाही आणि 'खेळाडूच नाहीत' म्हणून हात वर केल्यानंही जात नाही.

आधी पुरावा बघू. जानेवारी २०१९, शारजा, आशियाई चषक. बहारीनविरुद्ध बरोबरी झाली असती तर आपण पुढच्या फेरीत होतो. ०-० वर नव्वद मिनिटं काढली, भरपाई वेळेत बॉक्समध्ये (गोलासमोरच्या चौकटीत) फाउल, पेनल्टी, ०-१. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन. सप्टेंबर २०१९, गुवाहाटी, विश्वचषक पात्रता. ओमानविरुद्ध २४ व्या मिनिटाला सुनील छेत्रीचा गोल, नंतर ८२ आणि ९० व्या मिनिटाला गोल खाऊन १-२. प्रशिक्षक इगोर स्टिमाच, पहिलाच पात्रता सामना. मार्च २०२४, पुन्हा गुवाहाटी. अफगाणिस्तानविरुद्ध ३८ व्या मिनिटाला छेत्रीची पेनल्टी, मग ७० व्या मिनिटाला बरोबरी, ८८ व्या मिनिटाला पेनल्टी, १-२. जून २०२४, दोहा. कतारविरुद्ध ३७ व्या मिनिटाला छांगतेचा गोल, मग ७३ आणि ८५ व्या मिनिटाला गोल खाऊन १-२. जून २०२५, हाँगकाँग. ०-० वर भरपाई वेळ सुरू, बॉक्समध्ये धडक, पेनल्टी, ०-१. आता प्रशिक्षक मानोलो मार्केझ. आणि ऑक्टोबर २०२५, फातोर्डा. १४ व्या मिनिटाला छांगतेचा गोल, ४४ आणि ५८ व्या मिनिटाला साँग उइ-यंगचे दोन, १-२. प्रशिक्षक खालिद जमील. चार प्रशिक्षक झाले. एक इंग्रज, एक क्रोएशियन, एक स्पॅनिश, एक आपला. भाषा वेगळी, शिस्त वेगळी, मांडणी वेगळी. मग चार वेळा तोच १-२ आणि तीन वेळा शेवटच्या पाच-सात मिनिटांत पेनल्टी, हे काय केवळ नशीब?

दोहाच्या सामन्याबद्दल कोणी लगेच म्हणेल की कतारचा पहिला गोल हा अन्याय होता. होताच. चेंडू रेषेबाहेर गेला होता, पंचांनी खेळ थांबवला नाही. त्या रात्रीचा संताप योग्यच होता. पण त्यानंतर ८५ व्या मिनिटाला झालेल्या गोलात कसला अन्याय होता? अन्याय झाल्याचं खरं असलं तरी त्यामुळे बाकीच्या चुका धुऊन निघत नाहीत. फातोर्ड्याचा सामनाही या साच्यात पूर्णपणे बसत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. तिथं दुसरा गोल खाल्ल्यावर अर्धा तास हातात होता आणि आपण पुढेही गेलो. पण बरोबरीचा गोल करणारा माणूस नव्हता. त्या दुखण्याकडे पुढे येतोच.

मागे सरकल्यावर नक्की बिघडतं काय, हे जवळून पाहायला हवं, कारण टीव्हीवर ते 'दबाव वाढतोय' या दोन शब्दांत संपवलं जातं. मैदान १०५ मीटर लांब. संघाची शेवटची फळी आणि सर्वांत पुढचा माणूस यांच्यात साधारण ३० मीटर अंतर असेल, तर चेंडू हिसकावल्यावर जवळ तीन पास उपलब्ध असतात. आघाडीनंतर आपली मागची फळी १६.५ मीटरच्या बॉक्सच्या रेषेवर येऊन उभी राहते. मधले तिघं तिच्यापुढे पाच-सहा मीटरवर. दोन्ही विंगर (कडेनं हल्ला करणारे) आपापल्या फुल-बॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या) खांद्याला खांदा लावून. आणि एकटा स्ट्रायकर, म्हणजे सर्वांत पुढचा गोल करणारा माणूस, मध्यरेषेजवळ, त्याच्या आणि मधल्या फळीच्या मध्ये तीस मीटर मोकळं रान. आता सत्तराव्या मिनिटाची एक गोलकिक घ्या. गोलकीपर पन्नास-पंचावन्न मीटर लांब मारतो. खाली आपला एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचे दोन सेंटर-बॅक (मधले बचावपटू). हेडर त्यांचा झाला तर चेंडू परत. आपला झाला तरी तो चेंडू पडतो त्या दहा मीटरच्या वर्तुळात त्यांचे तिघं असतात आणि आपलं कोणी नसतं, कारण आपले विंगर चाळीस मीटर मागे उभे आहेत. सहा-सात सेकंदांत चेंडू पुन्हा आपल्या बॉक्ससमोर. असं वीस मिनिटांत दहा-बारा वेळा होतं. प्रत्येक वेळी बचावफळीला धावत मागे यायचं, वळायचं, उडी मारायची. पाय जड झाले की आधी जातो तो अंदाज. माणूस अर्धा सेकंद उशिरा पोचतो, आणि बॉक्समधला तो अर्धा सेकंद म्हणजे फाउल.

तीन पेनल्ट्या अशाच आल्या. शारजात दमलेल्या मिडफिल्डरचा पाय उशिरा गेला. गुवाहाटीत आणि हाँगकाँगमध्ये गोलकीपर पुढे आला आणि चेंडूऐवजी माणसाला भिडला. लोकांनी त्या दोन गोलकीपरना महिनोन्‌महिने शिव्या घातल्या. पण गोलकीपरला नव्वदाव्या मिनिटाला दहा माणसांच्या गर्दीतून बाहेर यायची वेळ का आली, हा प्रश्न कोणी विचारला? बॉक्समध्ये गर्दी करून उभं राहिलं की सुरक्षित वाटतं. खरं तर तिथं चेंडू कोणाच्याही पायाला लागून कुठंही वळू शकतो, गोलकीपरला तो उशिरा दिसतो आणि बारीकशी चूकही पेनल्टी ठरते. हीच चूक गोलापासून चाळीस मीटरवर झाली असती तर फार तर एक फ्री किक मिळाली असती.

आता विरोधी बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं. ते असं की भारतासारख्या संघाला बचावाशिवाय दुसरा मार्गच नाही. आपण खुलं खेळायला गेलो तर पाच-पाच गोल खाऊ. याला आधार आहे आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. सप्टेंबर २०१९ मध्ये दोहात आशियाई विजेत्या कतारला ०-० वर रोखलं ते असंच खेळून, गोलकीपर गुरप्रीतच्या हातांच्या जोरावर. ऑगस्ट २०२५ मध्ये काफा नेशन्स चषकात खालिद जमील यांच्या पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध त्यांच्याच मैदानावर पहिल्या पाव तासात अन्वर अली आणि झिंगन या दोन बचावपटूंनी गोल केले, आणि मग तासाहून अधिक वेळ २-१ टिकवून धरलं. त्याच स्पर्धेत ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरा क्रमांक मिळवला. मोहन बागान क्लबनं खेळाडू सोडले नव्हते, शिबिराला वेळ नव्हता, तरी हे जमलं. तेव्हा बचाव हा गुन्हा आहे असं मी मुळीच म्हणत नाही.

पण या यशाकडेही नीट बघायला हवं. त्या सामन्यात उत्तरार्धात ताजिकिस्तानला पेनल्टी मिळाली होती आणि गुरप्रीतनं ती अडवली. ती आत गेली असती तर हा सामनाही वरच्या यादीत जाऊन बसला असता. पेनल्टी दोन्हीकडे होती, फरक फक्त ती वाचवण्याचा. ज्या पद्धतीचा निकाल दर वेळी गोलकीपरच्या एका उडीवर ठरतो तिला योजना म्हणायचं का? आणि दुसरं असं की कतारविरुद्ध जे शहाणपण आहे ते अफगाणिस्तानविरुद्ध शहाणपण कसं ठरेल? २०२४ मधला तो अफगाण संघ क्रमवारीत आपल्यापेक्षा बराच खाली होता, त्यांचे कितीतरी प्रमुख खेळाडू संघटनेशी बिनसल्यामुळे आलेच नव्हते, आणि सामना आपल्या घरी होता. त्यांच्यापुढेही आपण आघाडी घेऊन मागे सरकलो. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासाठी शिकलेला बचाव सगळ्यांसाठीच वापरायला लागलो, म्हणजे डावपेच संपले आणि भीती उरली.

इथं हमखास कोणीतरी गनिमी काव्याचं नाव घेतो. लहान फौजेनं मोठ्या फौजेशी असंच लढायचं असतं, म्हणतो. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसानं तरी हे म्हणू नये. मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. एवढी मोठी फौज इथं तळ देऊन बसली असताना मराठ्यांनी काय केलं? ते किल्ल्यांचे दरवाजे लावून आत बसून राहिले नाहीत. रसद तोडली, वाटेत गाठलं, आपल्याला हवी ती जागा आणि हवी ती वेळ निवडून घाव घातला आणि निघून गेले. १६९५ मध्येच संताजी घोरपड्यांनी दोड्डेरीला कासिमखानाची फौज कोंडून तिचा निकाल लावला. माघार होती, पण ती पुढच्या हल्ल्याची तयारी होती. आपल्या संघाच्या माघारीत पुढचा हल्ला कुठं असतो?

तोच फरक आजच्या आशियात बघायचा असेल तर जॉर्डन बघा. लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत-बाहेर, पैसा बेताचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आशियाई चषकाच्या उपांत्य फेरीत त्यांनी दक्षिण कोरियाला २-० नं हरवलं. चेंडू बहुतेक वेळ कोरियाकडेच होता. मागे पाच जणांची फळी, म्हणजे बचाव आपल्यासारखाच खोल. पण पुढे अल-तामारी आणि अल-नैमत हे दोघं कायम उंचावर उभे. चेंडू हिसकावला की पहिला पास त्यांच्याकडे, आणि कोरियाच्या फुल-बॅकनी सोडलेल्या जागेत धाव. कोरियाचे बचावपटू त्यामुळे मोकळ्या मनानं पुढे येऊ शकले नाहीत. हाच जॉर्डन पुढे २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरला, इतिहासात पहिल्यांदा. खोल बचाव आणि बाहेर पडायची वाट या दोन गोष्टी एकत्र असतील तरच तो बचाव टिकतो. आपण पहिली घेतली, दुसरी सोडून दिली.

दुरुस्ती काय, हेही सांगायला हवं, नाहीतर मीही नुसता ओरडणाराच. गोल केल्यावर मागची फळी बॉक्सच्या रेषेवर न नेता ३०-३५ मीटरवर ठेवायची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा लांबचा चेंडू गोलकीपरच्या आवाक्यात येतो आणि ऑफसाइडची भीती त्यांना राहते. दोन्ही विंगर कधीच एकदम खाली आणायचे नाहीत. चेंडू ज्या बाजूला असेल तिकडचा खाली, पलीकडचा स्ट्रायकरच्या रेषेत. चेंडू मिळाल्यावर पहिला पास शक्यतो पुढे आणि जमिनीवर, दुसरा बाजूला, तिसऱ्यापर्यंत आपण त्यांच्या अर्ध्यात. आपण हल्ल्यात असताना मागे तीन आणि त्यांच्यापुढे दोन, असे पाच जण कायम जागेवर. गोलकिक दर तीनपैकी किमान दोन वेळा छोटी घ्यायची, कारण २०१९ पासून गोलकिकचा चेंडू बॉक्समध्येच आपल्याला घेता येतो आणि तो खेळात येईपर्यंत समोरच्याला आत पाय टाकता येत नाही. वेळकाढूपणाचा जुना मार्गही आता अर्धा बंद झालाय. २०२५ पासून गोलकीपरनं आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात ठेवला की थेट कॉर्नर. म्हणजे वेळ काढायचाच असेल तर तो त्यांच्या कोपऱ्याच्या झेंड्यापाशी, पायात चेंडू ठेवून काढावा लागणार.

बदली खेळाडूंचंही असंच. सामन्यात पाच बदल करता येतात, ते तीन टप्प्यांत, आणि मध्यंतर वेगळं. आपण आघाडीवर असताना पहिला बदल अनेकदा उशिरा करतो, आणि तोही विंगर काढून बचावपटू आणण्याचा. सर्वांत जास्त धावलेले दोन विंगर साठ ते पासष्ट मिनिटांच्या दरम्यान बदलायला हवेत आणि त्यांच्या जागी विंगरच हवेत. ताज्या पायांचा विंगर समोर दिसला की त्यांचा फुल-बॅक पुढे यायला कचरतो. आपला एक माणूस पुढे ठेवला तर त्यांचे दोन मागे राहतात, हे साधं गणित आहे. उलट सेंटर-बॅक वाढवला की त्यांचे दोन्ही फुल-बॅक मोकळे होतात आणि कडेवरून बॉक्समध्ये येणाऱ्या चेंडूंचा, म्हणजे क्रॉसचा, पाऊस सुरू होतो.

हे फळ्यावर काढून येत नाही, घोटून घ्यावं लागतं. साठ बाय पंचेचाळीस मीटरच्या चौकोनात आठ विरुद्ध आठ, गुणफलक सुरुवातीलाच १-० असा लावायचा, बारा मिनिटांचा डाव. आघाडीवरच्या संघानं निशाण न बघता चेंडू उडवला की समोरच्याला तिथूनच फ्री किक. त्याच संघानं समोरच्याच्या अर्ध्यात सलग सहा पास केले की एक गोल जादा. अशा तीन डावांत खेळाडूंना कळतं की चेंडू पायात ठेवणं हाच सर्वांत स्वस्त बचाव आहे. पण फिफाची आंतरराष्ट्रीय खिडकी, म्हणजे क्लबांनी खेळाडू देशासाठी सोडायचा काळ, बहुतेक वेळा नऊ-दहा दिवसांची. त्यात दोन सामने, प्रवास, सामन्यानंतरची विश्रांती. खरे सराव हातात येतात चार-पाच. एवढ्यात पंधरा वर्षांची सवय मोडणार कशी? म्हणून 'कोच बदला' म्हणणाऱ्यांना मी विचारतो: पाचवा आणून तो या चार सरावांत काय वेगळं करेल? जमील यांच्यावर माझा मुख्य आक्षेप बाहेर पडायची वाट न ठेवण्याचा आहे, आणि तो कायम आहे. पण त्यांना काढून प्रश्न सुटेल असं मानणं म्हणजे वरच्या यादीकडे डोळेझाक करणं.

आता 'खेळाडूच नाहीत' या म्हणण्याकडे. यातही तथ्य आहे, आणि ते सर्वांत जास्त नऊ नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या, जागेवर आहे. २०१४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाल्यापासून २०२४-२५ पर्यंत सर्वाधिक गोलांचा मान दर हंगामात परदेशी खेळाडूलाच मिळाला. २०२४-२५ मध्ये मोरोक्कोच्या अजरईनं २३ गोल केले आणि भारतीयांमध्ये पहिला होता १४ गोल करणारा चाळीस वर्षांचा सुनील छेत्री. निवृत्त झालेल्या माणसाला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावं लागलं ते यामुळे. क्लब चार परदेशी खेळवतात, त्यातला एक जवळजवळ नेहमी स्ट्रायकर असतो. क्लबांच्या बाजूनं ते बरोबरच आहे, त्यांना सामना जिंकायचाय. पण परिणाम असा की आपला तरुण स्ट्रायकर विंगवर ढकलला जातो किंवा बाकावर बसतो. आघाडीवर असताना चेंडू पाठीवर माणूस घेऊन अडवायचा, चार सेकंद धरायचा, मग साथीदाराला द्यायचा, हे काम तो कधी शिकतच नाही. बाहेर पडायची वाट नाही म्हणतो ती याच माणसाच्या अभावी. सिंगापूरविरुद्ध तो अर्धा तास रिकामा गेला तोही याचमुळे.

परदेशी नागरिकत्वाच्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना घ्यावं, ही मागणी याच पोकळीतून आली आहे आणि ती चुकीची नाही. आपल्याला हरवणारे दोन्ही गोल दक्षिण कोरियात जन्मून सिंगापूरचा नागरिक झालेल्या साँगनं केले. बांगलादेशकडे इंग्लंडमध्ये जन्मलेला हमजा चौधरी आहे. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून रायन विल्यम्सला ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडावा लागला. असे दोन-चार जण येतील, यावेत. पण आलेला माणूस बॉक्ससमोर रांग लावून उभ्या असलेल्या संघात येऊन मध्यरेषेवर एकटाच उभा राहणार असेल, तर त्याच्या कौशल्याचा उपयोग काय? जागा माणसानं भरते, पद्धत माणसानं भरत नाही.

'खेळाडू नाहीत' म्हणणाऱ्यांना इतिहासही आठवायला हवा. १९५२ मध्ये हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ नं झोपवलं, आपले बरेच जण अनवाणी खेळले होते. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये जकार्तात आपण आशियाई सुवर्ण जिंकलं. मधल्या दहा वर्षांत देश श्रीमंत झाला होता का? लोकसंख्येला अचानक गुण फुटले होते का? सय्यद अब्दुल रहीम नावाचा हैदराबादचा एक शिक्षक होता, ज्यानं आधी हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाला मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ सलग पाच वेळा जिंकून दिला, आणि मग देशाच्या संघाला काळाबरोबरची मांडणी शिकवली. जकार्तात पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो होतो. अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच. सेंटर-बॅक जर्नेलसिंग डोक्याला टाके घेऊन खेळत होता. रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून पुढे स्ट्रायकर म्हणून उभं केलं. १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल, २० व्या मिनिटाला जर्नेलचा. उरलेली सत्तर मिनिटं २-० आणि शेवटी २-१ टिकवली, आणि आपला सर्वांत ताकदवान बचावपटू तेव्हा पुढे उभा होता. आज आपण १-० झाल्यावर स्ट्रायकर काढून सेंटर-बॅक आणतो. रहीमसाहेबांचा संघही आघाडी घेऊन हरलेला आहे, १९५६ मध्ये मेलबर्नला उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून १-४. तेव्हा मी सुवर्णयुगाची आरती करत नाही. पण जकार्तात त्यांनी त्या धड्याचं काय केलं ते बघा.

संघटनेचा गोंधळ हा वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहायला हा लेख पुरणार नाही. भारतीय फुटबॉल महासंघाचा व्यावसायिक हक्कांचा २०१० चा सातशे कोटींचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला, नवा भागीदार वेळेत मिळाला नाही, लीग अडकली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघाच्या वाट्याला २४ ऐवजी तेरा साखळी सामने आले. सिंगापूरविरुद्ध उतरलेल्या आपल्या खेळाडूंच्या पायात त्या हंगामातला लीगचा एकही सामना नव्हता, हे खालिद जमील यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

सवय खालून येते म्हणालो, तर सोलापूरकडेच बघू. आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. सोळा शाळा उतरल्या तर एकूण सामने पंधरा, आणि आठ शाळा पहिल्याच सामन्यानंतर घरी. तेरा वर्षांच्या मुलाचा वर्षाचा हंगाम चाळीस-पन्नास मिनिटांत संपतो. अशा स्पर्धेत १-० झाल्यावर शिक्षक बाहेरून काय ओरडणार? 'उडव! बाहेर मार!' त्यांचं चूक नाही, हरले तर पुढचा सामनाच नाही. त्यात मैदान. आपल्याकडची जमीन काळी, पावसात चिकट, उन्हात भेगाळलेली, वर गवत नाही. चेंडू टप्प्याला कुठंही उडतो, मग बचावातला पोरगा जमिनीवरचा पास द्यायला घाबरतो, आणि ते बरोबरही आहे. मोठ्या मैदानांवर पहिला हक्क क्रिकेटचा, होम मैदानावर जानेवारीत गड्ड्याची यात्रा. कोल्हापुरात पेठांच्या संघांनी शाहू स्टेडियमवर वर्षानुवर्षे हंगाम जिवंत ठेवला आणि त्याच कोल्हापुरातून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव आला. आपल्याकडे मुलं आहेत, टर्फवर रोज रात्री दिसतात. हंगाम नाही.

बाद पद्धत सोडून गट पद्धत घ्यायला पैसा लागत नाही, आखणी लागते. सोळा शाळांचे चार गट. प्रत्येक गटात चार शाळा आणि सहा सामने, म्हणजे एकूण चोवीस सामने, प्रत्येक शाळेला किमान तीन. मोठं मैदान आडवं विभागून दोन लहान मैदानं आखायची, सात विरुद्ध सात, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं. बदलाला दहा मिनिटं धरली तरी पंचावन्न मिनिटांत एक सामना. सकाळी सातला सुरू केलं तर ऊन चढायच्या आत, पावणेदहापर्यंत दोन्ही मैदानांवर मिळून सहा सामने. चार सकाळी गट संपले, पाचव्या सकाळी उपांत्य आणि अंतिम. आखणीआधी आठवडाभर पाणी मारून रूळ फिरवायचा, खडे वेचायचे. बारीक लाल मातीचा थर फक्त दोन्ही गोलांसमोर टाकला तरी पुरे, कारण लहान पासची सुरुवात तिथूनच होते. नियम एकच जादा: चौदा वर्षांखालील गटात गोलकिक आपल्याच अर्ध्यात, जमिनीवर घ्यायची, आणि समोरच्या संघानं तोपर्यंत मध्यरेषेमागे थांबायचं. पहिल्या सकाळी याच नियमामुळे चुका होतील, चेंडू हिसकावले जातील, चार-पाच गोल फुकट जातील, पालक चिडतील. पंचांनी आणि शिक्षकांनी तेवढी एक सकाळ काढावी, कारण त्या शाळांना अजून दोन सामने खेळायचे असतील.